सासूबाई, निर्माल्याचा डबा आणि तोहोकूचं पाणी

सासूबाई अडीच महिने आमच्याकडे टोकियोतल्या निशी-कसाईत होत्या आणि त्यांनी मनापासून पाहिलेलं जपान म्हणजे कोपऱ्यावरचं भारतीय किराणा दुकान आणि नदीकाठची बाग. टोकियोतला उंच मनोरा दाखवला, तर "लिफ्ट छान आहे" म्हणाल्या. जावई म्हणून माझी अब्रू पणाला लागली होती. पुढच्या शनिवारी त्यांचं पुण्याचं विमान होतं. शेवटचा उपाय म्हणून मी लॅपटॉपवर जपानच्या उत्तरेकडच्या तोहोकू भागाचे फोटो उघडले: डोंगरमाथ्यावरचं तळं, धबधबा, लाल-पिवळ्या झाडांनी भरलेली दरी.

"पाणी वाहतं आहे का?" त्यांनी चष्मा वर करून विचारलं.

"धो धो!"

"मग जाऊ या, निखिलराव."

मला वाटलं, बाईंमधलं निसर्गप्रेम जागं झालं. ऑक्टोबरअखेर होती, पानं रंगली होती, सोमवारची रजा मिळाली. मी, बायको केतकी, नऊ वर्षांची इरा आणि सासूबाई असे आम्ही शनिवारी सकाळी निघालो. टोकियोहून सेंदाई शहर शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड-दोन तास, माणशी साधारण अकरा हजार येन. तिकिटं आधी काढा, या दिवसांत सगळा देश पानं बघायला निघतो.

गाडी सुटल्यावर मी सासूबाईंच्या मांडीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मोठ्या आशेने उघडला. आत चकल्या नव्हत्या. आत वाळलेली शेवंती होती, काठोकाठ.

"आई, हे काय?"

"निर्माल्य," त्या शांतपणे म्हणाल्या. "अडीच महिन्यांचं."

पुण्याहून येताना त्यांनी आपले देव आणले होते. रोज सुपरमार्केटातली शेवंती, नदीकाठच्या गवतातून निवडलेल्या दूर्वा, अशी त्यांची पूजा चाले. उतरवलेली फुलं कुठे जातात, हे मी कधी विचारलं नव्हतं. घराजवळच्या नदीत काही टाकायचं नाही एवढं मात्र पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. आणि घरच्या कचऱ्यात का नाही टाकली, मी विचारलं.

"देवाची फुलं कांद्याच्या सालांत टाकू? देव घेऊन मी पुढच्या शनिवारी निघणार. त्याआधी यांची नीट व्यवस्था लागली पाहिजे."

आता माझी बाजू ऐका. आमच्या इमारतीत यंदा कचऱ्याची पाळी माझ्याकडे आहे. पिशव्यांची वर्गवारी बघायची, कावळ्यांसाठी वरून जाळी ओढायची. जपानात आलो त्या वर्षी माझ्या एका पिशवीवर 'वर्गवारी चुकली' असा लाल स्टिकर लागला होता आणि ती न उचललेली पिशवी दिवसभर सगळ्या इमारतीसमोर एकटी बसून होती. तळमजल्यावरचे आजोबा त्यानंतर दोन महिने माझ्याकडे त्याच नजरेने बघत. अशा माणसाची सासू परगावच्या पाण्यात फुलं सोडणार?

"अजिबात नाही," मी म्हणालो. सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

सेंदाईला स्टेशनजवळच भाड्याची गाडी घेतली. पहिला मुक्काम झाओ डोंगरावरचं ओकामा, ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं हिरवं तळं. वळणावळणाचा रस्ता दीडेक तास, हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. वर पोचलो तर धुकं. दोरीपलीकडे तळं आहे असं फलकावरून कळत होतं. वीस मिनिटं कुडकुडलो, मग वाऱ्याने पडदा बाजूला केला आणि खाली हिरवंगार पाणी दिसलं. 

"केवढं खाली आहे!" सासूबाई हळहळल्या. "इथून टाकलं तर पोचायचं पण नाही."

मी त्यांच्या आणि दोरीच्या मधे उभा राहिलो. म्हणजे ओकामा मी सुमारे चार सेकंद पाहिलं. रात्री सेंदाईत झुंदा मोची खाल्ली, हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण घातलेला चिकट तांदळाचा गोळा. "पुरणच आहे, नुसतं हिरवं," असं प्रमाणपत्र मिळालं. मोची नक्की खा. शाकाहारी असाल तर सूप मात्र विचारून घ्या, सगळ्यात मासा असतो. आमच्याकडे भाजणीच्या थालीपिठांचे डबे होतेच.

रविवारी सकाळी आकिऊचा मोठा धबधबा. वरच्या सज्जातून सुंदर दिसतो, पण खरी मजा खाली कुंडाशी, आणि तिथे जायला दगडी पायऱ्या. गुडघ्यांमुळे आमच्या घरी कपाटाचा खालचा कप्पा न उघडणाऱ्या सासूबाई त्या पायऱ्या आमच्याआधी उतरल्या. मी धापा टाकत पोचलो तोवर त्या पाण्याकाठच्या खडकावर उभ्या होत्या, डबा उघडा, ओठांवर मंत्र.

"आजी, दामे!" इरा किंचाळली. नको म्हणायचं की ती जपानीतच म्हणते. मग आजीला कळावं म्हणून तिने मराठी जुळवली. "आजी, खाली कोणीतरी ते पाणी पितं."

मी दोन दिवस कायदा, दंड, इज्जत असलं काय काय सांगत होतो. त्याचा एक शब्दही त्यांनी मनावर घेतला नव्हता. नातीचं हे एक वाक्य ऐकून मात्र त्यांनी हातातली मूठ परत डब्यात सोडली.

"खरं आहे बाळा," त्या म्हणाल्या. चढताना मात्र गुडघे दुखायला लागले. केतकीने त्यांना हाताला धरून वर आणलं.

तिथून नारुको पावणेदोन तास. नारुकोची दरी हे या सहलीचं खरं कारण. पुलाजवळच्या सज्जातून दोन्ही कड्यांवरची झाडं अशी पेटलेली दिसतात की कॅमेरा काढावासाच वाटत नाही. गाडी लावायला मात्र पाऊण तास रांग. केतकी आणि इराने दीडेकशे फोटो काढले. मी डब्यावर डोळा ठेवून होतो. संध्याकाळी कातानुमा नावाच्या तळ्यावर गेलो. इथे दोरी नाही, गर्दी नाही, पाणी अगदी पायाशी. सासूबाईंनी नाक पदराने दाबलं.

"इथे कोण अंडी उकडतंय?"

गंधकाचं तळं ते. इतकं आंबट की त्यात मासा जगत नाही. "देवाला हे नको," सासूबाईंनी परस्पर निकाल दिला. मी मनात त्या तळ्याला साष्टांग नमस्कार घातला.

आणि मग मी माती खाल्ली. सरायीकडे जाताना वाटेत कोंबिनीपाशी, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानापाशी थांबलो. बाकीचे चहा घ्यायला आत गेले, डबा मागच्या सीटवर राहिला. दुकानाच्या कचऱ्याच्या पेटीवर स्वच्छ लिहिलं होतं, घरचा कचरा टाकू नये. मी, इमारतीचा कचराप्रमुख, इकडेतिकडे बघून डबा उघडला आणि त्या पेटीसमोर उभा राहिलो. फुलं आत, डब्यात वजनाला तांदळाची बिस्किटं, झाकण बंद, असा माझा बेत होता.

"निखिलराव."

सासूबाई आपली चालायची काठी गाडीत विसरल्या होत्या, म्हणून परतल्या होत्या. त्या चिडल्या नाहीत. "मला सांगून तरी टाकायचं," एवढंच म्हणाल्या आणि डबा घेऊन गाडीत बसल्या. इतकी लाज मला लाल स्टिकरवाल्या दिवशीही वाटली नव्हती.

आमची सराय म्हणजे सत्तरीच्या एका बाईंचं घरच होतं, चार खोल्या आणि गरम पाण्याचं कुंड. दोन जेवणांसह माणशी नऊ हजार. रात्रीच्या जेवणाला सासूबाई माझ्याशी फक्त "मीठ द्या" एवढंच बोलल्या.

सकाळी सहाला केतकीने मला हलवलं. "आई बोलावतेय. दुभाष्या हवाय."

स्वयंपाकघरात मालकीणबाईंनी फळीवरच्या देवापुढची जुनी हिरवी डहाळी काढून नवी लावली होती. जुनी त्यांनी पांढऱ्या कागदावर ठेवली, वर चिमूटभर मीठ घातलं, कागद दुमडला, दोनदा टाळी वाजवून वाकल्या आणि ती पुडी कचऱ्याच्या पिशवीत ठेवली. कांद्याच्या सालांवरच.

"विचारा त्यांना, कचऱ्यात कसं चालतं?"

मी विचारलं. मालकीणबाई हसल्या. "शेवटी जळायचंच असतं ना ते. तसंच फेकायचं नाही, एवढंच."

मी भाषांतर केलं. सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "जळायचं म्हणजे? इथे कचरा जाळतात?"

"हो, स्वयंपाकघरातला जाळतातच."

"म्हणजे अग्नीला देतात!" त्या ताडकन म्हणाल्या. "अडीच महिने सांगितलं का नाहीत मला? मला वाटलं, आपल्याकडच्यासारखा ढीग असतो कुठेतरी. आणि वर मीठ! अहो, दृष्ट काढून पाठवतात ही माणसं कचऱ्याला!"

अडीच महिने मी त्यांना दिवस, रंग, पिशव्या, नियम सगळं पाठ करायला लावलं होतं. पुढे त्या कचऱ्याचं काय होतं, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. मी तिथेच त्यांची माफी मागितली. मालकीणबाईंना वाटलं त्यांची मागतोय, म्हणून त्याही वाकल्या.

सोमवारी रात्री घरी. मंगळवारी सकाळी आठच्या आत सासूबाई साडीवर स्वेटर आणि पायात बूट घालून खाली उतरल्या. नियमाच्या पारदर्शक पिशवीत पांढऱ्या कागदाच्या सतरा पुड्या होत्या. मी जाळी उचलली. त्यांनी पिशवी ठेवली आणि हात जोडून डोळे मिटले. तेवढ्यात तळमजल्यावरचे आजोबा आपली पिशवी घेऊन आले. मला धडकी भरली. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आपली पिशवी खाली ठेवली आणि तेही शेजारी वाकून उभे राहिले.

शनिवारी विमानतळावर मी सासूबाईंना विचारलं, काय आवडलं सगळ्यात? ओकामा, आकिऊ, नारुको, कशाचंच नाव निघालं नाही. "ती सकाळची बाई," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून गणपती काढून माझ्या हातावर ठेवला. "हा इथेच राहू दे. फुलं वाहाच असं म्हणत नाही. पण वाहिलीत, तर पुढचं तुम्हाला येतं आता."

माझा देवावर किती विश्वास आहे, हे केतकीला विचारू नका. पण हल्ली मंगळवारी सकाळी मी जाळीपाशी असतो तेव्हा फोन वाजतो. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेचार वाजलेले असतात.

"निखिलराव, मीठ घातलंत ना?"

"घातलं, आई."