वरची खिडकी

केडगावात पुणे रोड सोडून आत वळलं की पिठाची गिरणी लागते. तिच्या समोरच्या घरात, पुढच्या खोलीच्या खिडकीशी रेश्माचं शिलाई मशीन होतं. ब्लाउज, पिको, फॉल अशी कामं ती करायची. हात चांगला होता, त्यामुळे गल्लीतल्या बायका दुसरीकडे जात नसत. नवरा मच्छिंद्र दुधाचा टेम्पो चालवायचा. पहाटेच बाहेर पडायचा आणि दुपारी येऊन जेवून झोपायचा. वाईट माणूस नव्हता, पण बोलायचा म्हणजे भाजीत मीठ कमी असलं तरच.

सासूबाई रतनबाई कुणाचं तोंडावर कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या. तरी शेजारणींसमोर एखादा शब्द निघायचा, "आमच्या रेश्माच्या हाताला लई सफाई हाय." तेवढ्यावर रेश्माचे महिने निघायचे.

धाकट्या दिराचं, हर्षलचं लग्न झालं आणि सृष्टी घरात आली. नेवाशाची, बी.कॉम. झालेली, सडपातळ. तिच्यासाठी वरच्या मजल्यावर नवी खोली बांधली, फरशी घातली, कूलर आणला. नगरमधल्या एका दातांच्या दवाखान्यात तिला रिसेप्शनवर नोकरी लागली. हर्षल रोज तिला गाडीवर सोडायला जायचा आणि निघताना तिच्या ओढणीचं टोक चाकात जाईल म्हणून स्वतः वर खोचायचा. रेश्मा सुईत दोरा ओवता ओवता ते बघायची. रतनबाई आता तव्यावरची पहिली गरम भाकरी सृष्टीच्या ताटात टाकायच्या. "पोरगी उपाशी जाती कामाला," म्हणायच्या. रेश्मा लग्न होऊन आली तेव्हा सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. त्यात चूक आहे हे तेव्हा कुणाला सुचलंही नव्हतं.

दिवाळीनंतर केव्हातरी गिरणीपाशी एक माणूस दिसायला लागला. तिशीच्या आतला, नीट इस्त्रीचा शर्ट, मोटरसायकलला टेकून उभा. रेश्माने मान वर केली की त्याची नजर घराकडेच असायची. आधी तिला राग आला. मग एक दिवस मशीनवर बसण्याआधी आपण नकळत पावडर लावली, हे तिच्या लक्षात आलं. पुढच्या आठवड्यात कपाटातली चिकू रंगाची साडी तिने रोजच्या वापराला काढली. मनात वाईट काही नव्हतं. या वयात, दोऱ्याच्या रिळांमध्ये बसलेल्या आपल्याकडे कुणीतरी थांबून बघतंय, एवढंच तिला पुरेसं होतं.

एका दुपारी सृष्टी लवकर घरी आली. रिक्षातून उतरली आणि त्या माणसाकडे न बघता, जवळजवळ पळत, घरात शिरली. जिन्यावर तिची पावलं वाजली. त्या माणसाची मान हळूहळू वर गेली आणि वरच्या खिडकीवर थांबली. वरच्या खिडकीचा पडदा झटक्यात ओढल्याचा आवाज खाली आला. तेव्हा रेश्माला कळलं, की इतके दिवस तो तिच्या डोक्यावरून वर बघत होता.

कानशिलं तापली. हातातला ब्लाउज तिने चुकीच्या बाजूने शिवला आणि सगळी शिवण उसवत बसली. हिला घर, नवरा, नोकरी, सासूची माया सगळं मिळालं, आणि वर हेही? चिकू रंगाची साडी तिने त्याच संध्याकाळी घडी करून आत टाकली.

दोन दिवसांनी भाजी निवडताना ती रतनबाईंना सहज म्हणाली, की सृष्टीच्या ओळखीचं कुणीतरी रोज गिरणीपाशी येऊन थांबतं, ती पण त्याला बघून लगबगीने वर जाते. बोलली एवढंच. बाकीचं रतनबाईंनी स्वतःच जोडलं आणि हर्षलच्या कानावर घातलं. हर्षलने आवाज चढवला नाही, पण फोन काढून घेतला आणि दवाखान्यात कळवून नोकरी बंद केली. तो कोण, असं त्याने विचारलं तेव्हा सृष्टी नुसती रडली. त्या रडण्याचा अर्थ घरातल्या सगळ्यांनी एकच काढला. दुसऱ्या दिवशी रतनबाईंनी आमटीत काय घालू हे पुन्हा रेश्माला विचारलं. रेश्माला गार वाटलं, हे खरं आहे.

आणि मग तो माणूस स्वतःच दारात आला. मच्छिंद्र आत झोपलेला, रतनबाई मंदिरात गेलेल्या. पायातल्या चपला नीट बाजूला काढून तो आत आला, आणि पिशवीतून मोरपंखी रंगाचं कापड काढून मशीनवर ठेवलं.

"ब्लाउज शिवायचाय, ताई."

"मापाचा ब्लाउज आणलाय का?"

"माप तुमच्याकडेच आहे. सत्यनारायणाला ती नेसली होती त्या साडीवरचा तुम्हीच शिवलात ना? तसाच शिवा. फक्त तो डाव्या खांद्याला जरा उतरत होता, तेवढं सांभाळा."

रेश्माने हातातली कात्री खाली ठेवली. पूजा होऊन पाच महिने झाले होते, आणि ती घरात, दार लोटून झाली होती. खांदा उतरतोय हे तिला स्वतःलाही तिसऱ्यांदा बघितल्यावर कळलं होतं.

"कोण लागते ती तुमची?" तिने विचारलं.

"आमचं ठरलेलं आहे," तो शांतपणे म्हणाला. "मध्ये थोडी गडबड झाली तिच्या घरच्यांची. होईल नीट. ती हल्ली बाहेर का पडत नाही? बरं नाही का तिला?" मग जरा थांबून म्हणाला, "हर्षल बायपासवरून जातो, मला माहीत आहे. रस्ता वाईट आहे तो. त्याला काही व्हावं असं मला वाटत नाही."

आवाजात राग नव्हता. त्याची तिला जास्त भीती वाटली. गुरुवारी या, एवढंच ती कसंबसं म्हणाली. तो गेल्यावर तिने दाराला कडी घातली आणि जिना चढली.

सृष्टी पलंगाच्या कडेला बसलेली होती. रेश्माच्या हातातलं कापड बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती बोलायला लागली. त्याचं नाव वैजनाथ. तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या क्लासला एकत्र होते, तिने कधी वहीसुद्धा मागितली नव्हती. तरी तो सगळ्यांना सांगत फिरला की आमचं आहे. घरासमोर थांबायचा, बसमध्ये मागच्या सीटवर बसायचा. वडिलांनी तिचं कॉलेज शेवटच्या वर्षी घरूनच करून घेतलं, नंबर तीनदा बदलला. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, सासरी यातलं अक्षरही काढू नकोस, लोक मुलीलाच दोष देतात.

"आणि दिलाच," सृष्टी म्हणाली.

रेश्मा पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसली. ज्या बघण्यासाठी आपण पावडर लावत होतो, त्याच बघण्यामुळे ही पोरगी तीन वर्षं खिडक्या बंद करून जगली, हे तिला आत कुठेतरी टोचत राहिलं. पण त्या क्षणीही मनात एक हलकट विचार येऊन गेला, की एवढं वेडं आपल्यासाठी कधी कुणी झालं नाही. त्या विचाराची तिला शिसारी आली, आणि ती उठली.

तिने आधी मच्छिंद्रला उठवलं. त्याने सगळं ऐकलं आणि बऱ्याच वर्षांनी मोठं वाक्य बोलला. म्हणाला, आधी हर्षलला फोन करतो, तू हिला एकटी सोडू नको, संध्याकाळी सगळे मिळून पोलिसांत जाऊ. हर्षल आला तेव्हा त्याला सृष्टीकडे बघवेना. "वहिनी, पण तुम्हीच तर आईला..." रेश्माला बाजूला घेऊन तो म्हणाला. "मी जे सांगितलं ते मला माहीत नसताना सांगितलं," रेश्मा म्हणाली. त्यापुढे त्याने विचारलं नाही.

चौकीतल्या महिला हवालदाराने तक्रार लिहून घेतली आणि गुरुवारी सगळं नेहमीसारखं ठेवा म्हणून सांगितलं. गुरुवारी गिरणीत दळण घेऊन दोन अनोळखी माणसं बसली होती. वैजनाथ आला. मशीनवर कापड तसंच पडलेलं त्याने बघितलं, आणि रेश्माच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तिला ओलांडून तो सरळ आतल्या जिन्याकडे निघाला.

रेश्मा कशी धावली ते तिला नंतर सांगता आलं नाही. ती जिन्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिली. त्याने ढकललं. ती पायरीवर पडली, मनगट अंगाखाली आलं, पण त्याच्या शर्टाची बाही तिने सोडली नाही. बाही खांद्यापासून फाटली तेवढ्यात गिरणीतली माणसं आत आली. त्याच्या पिशवीत हिरव्या बांगड्या आणि काळ्या मण्यांची पोत निघाली.

केस अजून चालू आहे. त्याला जामीन मिळाला, पण सृष्टीच्या आसपास फिरकायचं नाही अशी अट आहे. तारखेला हर्षल बरोबर जातो. सृष्टी परत दवाखान्यात जायला लागली, आता स्वतःच्या स्कूटीवर. ती घ्यायचं रतनबाईंनीच काढलं होतं.

रेश्माच्या मनगटाला प्लास्टर होतं, त्यामुळे महिनाभर मशीन बंद. सकाळी कामावर जाण्याआधी सृष्टी तिची वेणी घालून द्यायची. तिची बोटं लांब, हलकी होती. वरून आदल्या रात्रीचं दोघांचं हसणं ऐकू आलेलं असायचं. रेश्माला ते अजूनही खुपायचं. गेलं नव्हतं ते.

एका सकाळी तिने भिंतीकडे बघत सांगून टाकलं. "तुझी नोकरी माझ्यामुळे गेली होती. आईंना मीच बोलले होते."

सृष्टीची बोटं थांबली नाहीत. "माहीत आहे, ताई. नोकरी गेली त्याच दिवशी आईंनी सांगितलं होतं."

"मग त्या दिवशी तू मला सगळं सांगितलंस कसं?"

"तुम्ही वर आलात ना," सृष्टी म्हणाली. "बाकी कुणी आलं नव्हतं."

रेश्माने मान जरा मागे केली आणि म्हणाली, "जरा घट्ट घाल. दुपारपर्यंत सुटते."