शेजारची सीट

गाड्यांच्या सीटा शिवण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याच्या स्वतःच्या गाडीची सीट फाटकी होती, आणि गल्ली त्यावरून त्याला यथेच्छ छळायची. लोक त्याला उस्ताद म्हणत. गाडी जुनी, उघड्या टपाची. इंजिन ठणठणीत, कापडी हूड त्याच्याच हातचं. रंग तेवढा उडाला होता आणि बायको बसायची त्या शेजारच्या सीटचं रेक्झिन उसवून आतला काथ्या बाहेर डोकावत होता. थोडी डागडुजी केली की झालं, असं उस्ताद वर्षानुवर्षं म्हणत आला होता. गिऱ्हाइकांच्या कामातून सवड कुठे होती मेल्याला.

मग बायकोला विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग शेजारणी, शेवटी खुद्द नवरा. "काका, कोणाकडे आलात?" असं ती त्याला त्याच्याच घरात विचारायची आणि वर पाणीही आणून द्यायची. पण दुपारी कामाच्या शेडमध्ये नेऊन गाडीत बसवलं, की तिचं बोट आपसूक सीटच्या फाटीत जायचं. काथ्या चिवडत ती समोर बघायची आणि जागच्या जागी उभ्या गाडीत त्याच्यावर खेकसायची, "अहो, हळू जरा. किती दामटता? मला माहेरी धड पोचू द्या." उस्ताद मुकाट्याने वेग कमी करायचा. दिवसभरात त्याला बायको भेटायची ती तेवढ्यापुरतीच, आणि तेवढ्यावर तो दिवस काढायचा.

एकदा ती गॅस चालू ठेवून रस्त्यावर निघून गेली. तेव्हा मुलीने निक्षून सांगितलं, "बाबा, आता पुरे. दोघंही माझ्याकडे या." मुलगी चौथ्या मजल्यावर राहायची. शेड सोडायची म्हणजे गाडी विकणं आलंच. गिऱ्हाईकही तिनेच शोधलं, तिचा दातांचा डॉक्टर. जुन्या गाड्यांपायी वेडा झालेला माणूस. त्याने गाडीखाली सरपटून तळ तपासला, हूड दोनदा उघडून मिटलं आणि खूश होऊन म्हणाला, "बारीकसारीक कामं आहेत, ती मी हौसेने करीन. पुढच्या आठवड्यात न्यायला येतो."

इथे उस्तादाचे हात शिवशिवायला लागले. आपल्या हातची गाडी जाणार आणि सीट फाटकी? लोक काय म्हणतील?

"अहो बाबा, डॉक्टरांना चालतंय ना?" मुलगी फोनवर म्हणाली.

"त्यांना चालेल गं. मला नाही चालत."

या धंद्यात जुनं कव्हर उसवून त्याचे तुकडे नव्या रेक्झिनवर मांडतात आणि त्या मापाने कापतात. उस्तादाने तेच केलं. काथ्या काढून फोम भरला, कडेने पायपिंग फिरवलं, एकेक टाका मोजून मारला. एवढी सुरेख सीट त्याच्या हातून क्वचितच उतरली असेल. काम संपल्यावर तो दोन पावलं मागे सरून पाहत राहिला आणि स्वतःवरच खूश झाला.

डॉक्टर यायच्या दुपारी त्याने बायकोला शेवटचं म्हणून गाडीत बसवलं. तिचं बोट शिवणीवरून इकडून तिकडे फिरलं. मग तिने पर्स छातीशी घट्ट धरली.

"ही कोणाची गाडी? काका, मला उतरवा. आमचे हे कुठे गेले?"

आपण काय करून बसलो ते उस्तादाला तिथल्या तिथे कळलं. तो काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर दारात हजर. त्याने सीटवर हात फिरवला. "झकास झालीय. पण उगाच त्रास घेतलात. मला जुनीच आवडली होती."

"हो," उस्ताद म्हणाला. "घाई झाली माझी."

त्याने बायकोला उतरवून घेतलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. पाहुण्यांना निरोप द्यावा तसा बायकोने हात हलवला. उस्ताद शेडमध्ये गेला आणि कचऱ्याच्या डब्यातून काथ्या आणि जुन्या कव्हरचे तुकडे वेचायला लागला.

मुलीच्या घरी त्याने जुने तुकडे पुन्हा जोडले, आत काथ्या भरला आणि ते कव्हर गॅलरीतल्या खुर्चीवर चढवलं. फाट तेवढी उघडी ठेवली. सुई दोनदा त्या फाटीकडे वळली, दोनदा त्याने ती आवरली. "हे कसलं भंगार, बाबा?" मुलीने विचारलं. त्याने बायकोला हाताला धरून आणलं.

बायको बसली. बोटाला फाट सापडली. तिचे खांदे सैल पडले आणि ती समोर बघायला लागली. उस्तादाने घाईघाईने शेजारी स्टूल ओढलं. त्याचा जीव नुसता कानात गोळा झाला होता.

"चला," ती म्हणाली.

त्याने स्टिअरिंग धरल्यासारखे हात पुढे केले. ती काथ्या चिवडत राहिली. मग त्याच्याकडे वळून ओळखपाळख नसलेल्या माणसाशी हसावं तशी हसली.

"तुम्ही छान हळू चालवता हो. आमचे हे फार दामटतात."

"कुठे सोडू तुम्हाला?" त्याने विचारलं.

"घरीच सोडा. ते जेवायचे थांबले असतील."

उस्तादाने गाडी घराकडे वळवली.