व्हर्जिलचा लाल दिवा

आमच्या केंटकीच्या डोंगरांत व्हर्जिल स्टॅम्परइतका रकूनवेडा माणूस दुसरा नाही. रात्री झाडांवर चढणाऱ्या या झुपकेदार शेपटीच्या जनावराची शिकार म्हणजे त्याचा जीव की प्राण. गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत त्याचा कपाळावरचा दिवा ओढ्यात पडला, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखा तो तोंड पाडून बसला. शेवटी त्याची बायको लुरलीन वैतागली. "जा बाबा, दुसरा घेऊन ये. तुझ्या त्या कुत्रीपेक्षा तूच जास्त विव्हळतोयस."

मी शेजारी, म्हणून मलाही ओढत नेलं. वांडाच्या दुकानात कोंबड्यांच्या दाण्यापासून काडतुसांपर्यंत सगळं मिळतं. एकेक दिवा डोक्याला बांधून व्हर्जिल पोत्यांच्या अंधाऱ्या कोठीत शिरायचा आणि दार लावून घ्यायचा. आतून धडाधड आवाज.

"काय दिसलं?" वांडा बाहेरून विचारायची.

"पोतं!"

"कसं दिसलं?"

"आपटल्यावर दिसलं!"

वांडा सांगत होती, लाल घे. पण ऐकेल तर तो व्हर्जिल कसला! त्याने सगळ्यांत भगभगीत पांढरा दिवा उचलला. त्या रात्री त्याने तो पेटवला मात्र, खोऱ्यातले झाडून सगळे कोंबडे आरवायला लागले. झाडावरच्या रकूनने तोंड फिरवलं ते फिरवलंच. घरी आल्यावर लुरलीन पातेल्याचं झाकण तोंडापुढे धरून त्याच्याशी बोलली.

सकाळी तो मुकाट दुकानात गेला आणि दिवा बदलून लाल आणला.

"लाल उजेडाचं रकूनला काही वाटत नाही," परत आल्यावर तो मलाच शिकवायला लागला. "तो सरळ तुझ्याकडे बघतो. डोळे निखाऱ्यासारखे चमकतात."

अंधार पडताच बंदूक घेऊन आम्ही निघालो. त्याची कुत्री डचेस चर्चमागच्या ओपलबाईंच्या पर्सिमनच्या झाडापाशी थांबली आणि बुंध्यावर पाय टेकून भुंकायला लागली, म्हणजे वर रकून असणार. झाड नारिंगी फळांनी लगडलेलं. व्हर्जिलने दिवा वर केला. पानांत दोन लालभडक डोळे! केवढाले, आणि एकमेकांपासून चांगले लांब.

"अरे देवा," व्हर्जिल कुजबुजला, "हा रकून आहे की अस्वल?"

"व्हर्जिल," झाड म्हणालं, "तो दिवा विझव."

मी तर मटकन खालीच बसलो. व्हर्जिलने मात्र आवाज ओळखून टोपी काढली. टोपीबरोबर दिवाही निघाला, आणि उजेड भलतीकडेच फिरला.

"पास्टर? तुम्ही?"

त्याने दिवा पुन्हा वर धरला, तर आमच्या चर्चचे पास्टर कोर्बिन फांदीवर बसले होते. डोळे कसले, चष्म्याच्या काचा होत्या त्या. कोटाचे दोन्ही खिसे फळांनी फुगलेले.

"ओपलबाईंना सांगू नका हो. मागितली तर देतात, पण तासभर गुडघेदुखी ऐकवतात."

"आम्ही कशाला सांगतोय! पण माझ्या डचेसची अब्रू गेली ना! आजवर तिने माणूस कधी धरला नव्हता."

तेवढ्यात पास्टरांच्या डोक्यावर एक बी पडली. मग दुसरी. व्हर्जिलने दिवा आणखी वर नेला. शेंड्याला एक गलेलठ्ठ रकून पाय पसरून बसला होता. फळं खात होता आणि बिया खाली थुंकत होता.

"बघा! डचेस खरीच होती!" व्हर्जिल नाचायलाच लागला.

बंदुकीची आठवण कोणालाच झाली नाही. पास्टर सरसर खाली उतरले, एक खिसा आमच्या टोप्यांत रिकामा केला आणि उतरताना फाटलेली कोटाची बाही लपवत घराकडे निघाले. आम्ही तिघं, कुत्री धरून, चर्चच्या पायरीवर बसून पर्सिमन खात राहिलो. डचेसला बियांसकट आवडली.