कोणीच न मरणारं युद्ध

आमचे काका परग्रहावरचं युद्ध चालवत. त्यांची हत्यारं म्हणजे दोन कुंचले, काळ्या शाईची बाटली आणि काकूच्या शिलाई मशीनशेजारचं टेबल. एका साप्ताहिकात दर आठवड्याला त्यांच्या कॉमिकचं एक पान येई. नऊ वर्षं तोफा धडाडल्या, यानं कोसळली, पण मेलं कोणी नाही.

कारण साधं होतं. काकांना मनाने चेहरा काढताच येत नसे; समोर माणूस लागे. त्यामुळे तीन डोळ्यांची सेनापती म्हणजे काकू, शत्रूचा राजा म्हणजे घरमालक आणि घरभर चहाड्या करणारी मी, त्यांची पुतणी, म्हणजे हेर. घरच्यांना मारायचं कसं? काका प्रत्येकाला जखमी करून इस्पितळात टाकत. त्या ग्रहावर रणांगणापेक्षा इस्पितळच मोठं झालं होतं!

शेवटी संपादकांचा संयम सुटला. "या पानात सेनापती मेली पाहिजे," त्यांनी बजावलं, "नाहीतर कॉमिक बंद." काकांचा सगळा जीव त्या कॉमिकमध्ये. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

काकूला कळलं तेव्हा तिने हात पुसले आणि ती सरळ फरशीवर आडवी झाली.

"मारा एकदाचं. पण तोंड उघडं दाखवू नका, दात पडलाय माझा."

"अगं, पोट हलतंय. श्वास नको घेऊस!"

"मग खरीच मरेन की!"

तासाभरात काकांना एक रेघ ओढता आली नाही. त्यांनी काकूला स्वयंपाकघरात पिटाळलं आणि माझ्याकडून आरसा मागवला.

पान झालं. सेनापतीवर फेकलेला भाला छातीवर झेलून एक म्हातारा शिपाई पडला होता. बारीक मिशी, चष्म्याची एक काच तडकलेली. काकांनी नऊ वर्षांत पहिल्यांदाच स्वतःला काढलं होतं, तेही मेलेलं. मला मूर्ख मुलीला ते फार आवडलं.

काकूने पान पाहिलं. पांढऱ्या रंगात कुंचला बुडवून तिने भाला पुसायला घेतला.

"अहो, नऊ वर्षं सगळ्या जगाला वाचवलंत ना? मग याने तुमचं काय घोडं मारलंय?"

काकांनी तिच्या हातातून कुंचला काढून घेतला. पान अर्ध्या पुसलेल्या भाल्यासकट तसंच गेलं, छापून आलं आणि सेनापती मेली नाही म्हणून कॉमिक बंद झालं. पुढचे कित्येक दिवस काका नुसते न्हाव्याकडे दाढी करायला निघाले, तरी काकू दारात आडवी उभी राहून विचारायची, "कुठे चाललात?"