एका घोटाला एक गोष्ट

दारव्ह्याला येणारी छोटी रेल्वे दिवसातून दोनदा ये-जा करायची आणि तेवढ्यानंच दमून स्टेशनात धापा टाकत उभी राहायची. मी त्या वर्षांत दिवसातून चौदा वेळा ये-जा करायचो, आणि मला कोणी साधी झेंडीही दाखवत नव्हतं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी ही संग्रहणी माझ्या पोटात शिरली. गावातले काही शहाणे म्हणाले, देव टाकले ना, भोगा आता. मी म्हणायचो, टाकलेले देव माझ्याच पोटात मुक्कामाला येतील हे आधी कळलं असतं तर त्यांची दुसरीकडे सोय लावली असती. लोक हसायचे. हसता हसता दोन हात लांब सरकायचे, ते मात्र आधीसारखंच.

आमचं गाव बोरी अरबजवळ. तिथं पोट सुटलं की माणसाचं पाणी तोडायची रीत होती, आणि माझी माय या शास्त्रातली सगळ्यात कडक वैद्य. तिचं म्हणणं सरळ होतं, "आत गेलंच नाई तं भायेर येईन काय?" या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस आमच्या वस्तीत अजून जन्मला नव्हता. तिनं घागर उतरंडीमागे लपवली आणि मला चोखायला लुगड्याचं ओलं टोक दिलं. पहिल्या दिवशी मी ते चोखलं, दुसऱ्या दिवशी चावलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या लुगड्याचे काठ जे नाहीसे झाले ते आजवर सापडलेले नाहीत. मी इतका हलका झालो की वारा सुटला की माय मला खाटेला बांधून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी पोट थांबलं. माय शेजारणींना सांगून आली, उतार पडला म्हणून. पण थांबत चाललो होतो तो मी. आदल्या दुपारपासून लघवी नव्हती. डोळे खोबणीत आत गेले होते. मला रडू आलं, तोंड वाकडं झालं, पण डोळ्यांतून काहीच आलं नाही. ते पाहून माझा मामा घाबरला. रडणारी माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती, कोरडा रडणारा पाहिला नव्हता. त्यानं गाडी जुंपली आणि मला दारव्ह्याच्या दवाखान्यात आणून टाकलं. माय मागे बसून आली.

तिथं डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. उरलेले सहा दिवस दवाखाना म्हणजे एक म्हातारा मुसलमान कंपाउंडर, मेंदीनं दाढी रंगवणारा. सगळे त्याला चाचा म्हणायचे. त्यानं ना नाडी धरली ना पोट दाबलं. माझ्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडून दिली. ती तंबूसारखी उभीच राहिली. जंगलखात्याचा साहेब दौऱ्यावर आला की ठोकतात ना, तसा तंबू. फरक एवढाच की त्या तंबूत साहेबाला प्यायला पाणी असायचं.

चाचानं मायकडे पाहिलं. "बाई, हा बिमारीनं नाई मरत व्हता. तू मारून राह्यली व्हती."

त्यानंतर माय जेव्हा जेव्हा मला पाण्याचा गिलास द्यायची, तेव्हा माझ्या तोंडाकडे बघायची नाही. मरेपर्यंत नाही बघितलं.

त्या दुपारी चाचानं मला चमच्या-चमच्यानं गूळमिठाचं पाणी पाजलं. पाजता पाजता शिकवलं. हे दुखणं घरजावई आहे, म्हणाला, जाणार नाही, याला पोसायला शीक. पोटातून जातं ते नुसतं पाणी नसतं, मीठही जातं, तेव्हा दोन्ही भरायचं. आसवाइतकं खारट करायचं, त्याच्या वर नाही. तांदळाच्या पेजेत मीठ घाल, ताक मिळालं तर ताक पी. आणि गटागटा प्यायचं नाही. ढिगानं आत गेलेलं ढिगानं बाहेर येतं. एक घोट, मग थोडं थांबून दुसरा, दिवसभर. लघवी कडक चहासारखी झाली तर सावध हो. उठताना डोळ्यांपुढे अंधारलं, पोटऱ्यांत गोळे आले, थुंकी सुटेनाशी झाली, तर हातचं काम टाकून पाण्यापाशी जा.

पाण्यापाशी जा. चाचा मोठा हुशार माणूस, पण त्याच्या घराच्या ओट्यावर त्याचा स्वतःचा माठ होता.

मी जरा सावरून कामाला लागलो ते दारव्ह्यातच, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. आम्ही त्याला जीन म्हणायचो. तिथं हवेत रुईचा भुसा असा उडायचा की सकाळी काळा गेलेला माणूस संध्याकाळी म्हातारा होऊन घरी यायचा आणि बायको सासरा समजून डोक्यावर पदर घ्यायची. आत भांडं न्यायला बंदी होती. लोट्यात दाबून रुई चोरतात म्हणे. त्यामुळे घरून पाणी आणायची सोय नाही. कडुनिंबाखाली तिवईवर तीन माठ होते आणि ते सांभाळायला एक विधवा बाई. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणायचो. बाकीच्यांना ती गिलासात पाणी द्यायची. आमच्या वस्तीच्या माणसानं खाली उकिडवं बसायचं, ओंजळ तोंडाला लावायची, आणि ती वरून लोट्यानं धार सोडायची. दिवसातून दोन वेळा, सुटीच्या घंटेला. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता, नाही असं नाही. कायदा दिल्लीत होता, माठ दारव्ह्यात होते.

दोनदा पाणी पिऊन निरोगी माणूस भागवतो. मला वीस वेळा लागायचं. गूळ आणि मीठ मी धोतराच्या सोग्यात बांधून न्यायचो. मिठाचे चार कण जिभेवर, गुळाचा खडा दाढेखाली, आणि मग घोटभर पाणी. पहिले दोन पदार्थ माझे होते. तिसरा तिच्या मनगटात होता. तिनं मनगट वाकवलं तर मी जगणार, नाही वाकवलं तर चाचाचा तंबू.

पहिल्या आठवड्यात तिनं मला चारदा हाकललं. "काहून रे, तुह्या पोटात काय हीर खंदली हाय?" मी म्हणालो, मावशे, विहीर असती तर बरं होतं, माझ्या पोटात आर्णीचा आठवडी बाजार भरतो, आणि कालच तिथं एक बैल हरवला. ती थबकली. कोणाचा बैल, म्हणाली. मी बैलवाला सांगितला, त्याची बायको सांगितली, तो बैल माझ्या आतड्याच्या कुठल्या वळणावर सापडला ते सांगितलं. ती हसली आणि मनगट वाकलं.

तिथून माझा धंदा सुरू झाला. घोटाला एक गोष्ट. मुकादमाचा डोळा चुकवून मी कडुनिंबाखाली जायचो, बसायचो, ओंजळ धरायचो आणि सुरू करायचो. एका वाघानं माझी संग्रहणी पाहून शिकार सोडली आणि पेज मागितली. माझ्या आजीनं नदीला पूर आला तेव्हा पुराला शिवी दिली, तर पूर लाजून मागे गेला. मावशी लोटा तिरपा धरायची, पाणी काठापर्यंत येऊन थांबायचं, आणि गोष्ट संपेपर्यंत तिथंच थरथरायचं. ती वाईट बाई नव्हती. तिला पोर ना बाळ, दिवसभर तीन माठ राखत बसायची, आणि तिला गोष्टी आवडायच्या. पण गोष्ट लांबली तर पाणी लांबायचं, आणि आखूड झाली तर ती म्हणायची, हे काई खरं नाई, दुसरी सांग. लोक म्हणतात, तुला हा गोष्टींचा हात कुठून आला. मी म्हणतो, जन्मजात. काय सांगणार? कोरड्या जिभेनं हसवायला शिकलो, ती काही हौस नव्हती.

हंगामाच्या शेवटी, मार्चातलं ऊन, आणि माझं पोट पुन्हा बिघडलं. घरी बसलो असतो तर काम गेलं असतं. सकाळपासून सात वेळा जाऊन आलो. दुपारपर्यंत लघवी नाही. हातावरची कातडी ओढून पाहिली, ती उभी राहिली. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. चाचानं सांगितलेलं एकेक सगळं हजर झालं होतं. मी हातातलं काम टाकलं आणि कडुनिंबाकडे निघालो.

तिथं नेमके कापूस घेऊन आलेले पाच-सहा गाडीवान बसले होते. मावशीनं त्यांना माझी कीर्ती आधीच सांगून ठेवलेली. मला पाहून तिला आनंद झाला. "आला बाप्पा. आज मोठी सांग, पावणे हायेत."

मी बसलो. ओंजळ धरली. डोक्यात एकही गोष्ट नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या झाडाखाली खरं बोललो.

"मावशे, पाणी दे. मी मरून राह्यलो."

गाडीवान हसले. एक जण म्हणाला, सुरुवात तं झकास हाय.

मावशीनं लोटा तिरपा केला. पाणी काठावर आलं. "बरं. मरून राह्यला. मंग काय झालं?"

"काही नाही झालं. पाणी दे."

ते अजून हसले. जीभ जड झाल्यामुळे माझे शब्द तुटत होते, तर एकाला वाटलं मी सोंग करतोय, आणि त्यानं शाबासकी दिली. मावशी वाट पाहत होती. तिचं तोंड हसरं होतं, लोटा तिरपाच होता.

मी उठलो. दोन पावलं टाकली आणि पहिल्या माठाला मिठी मारून तोंड लावलं.

गटागटा प्यायचं नाही हे मला चाचापेक्षा चांगलं पाठ होतं. तरी प्यालो. अर्धं लगेच ओकलो, तरी पुन्हा प्यालो. कोणीतरी मागून माझी मान धरली. मुकादम काठी घेऊन आला. मी तोंड लावलं होतं एका माठाला, त्यानं फोडले तिन्ही. फोडताना मला म्हणाला, "अबे, आता पी, किती पितो ते." पाणी भुशावरून पसरलं आणि मातीत गेलं. त्या दुपारी सगळा जीन तहानलेला राहिला, आणि प्रत्येकानं त्याबद्दल मला शिवी घातली. आमच्या वस्तीचे तिघं होते, त्यांनीही घातली. त्यांना उद्या तिथंच कामावर यायचं होतं.

माझं काम गेलं. मावशीचंही गेलं. पाणी बाटू दिलं म्हणून.

मी फाटकाशी भिंतीला टेकून बसलो होतो. पोटात राहिलेलं पाणी हळूहळू अंगात उतरत होतं, डोळ्यांपुढचा अंधार विरत होता. मी सोग्यातलं मीठ काढून जिभेवर ठेवलं. मावशी खापऱ्या वेचून पदरात घेऊन आली आणि माझ्यापाशी थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मांगून घ्याचं व्हतं ना रे बाप्पा. मी काय नाई म्हटलं असतं?"

ही हकीकत मी पुढे शेकडो वेळा सांगितली आहे. लग्नात, बारशाला, सभा संपल्यावर चहाला बसलेल्यांत. माझ्या सांगण्यात माठ तिनाचे तीस झाले, मी ते सगळे प्यालो, वर विहीर प्यालो, आणि मुकादम माझ्यामागे काठी घेऊन पार यवतमाळपर्यंत पळाला. लोक पोट धरून हसतात. तिचं ते वाक्य मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यावर कोणी हसणार नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखर वाटत होतं की मी मागितलंच नाही. पदरात खापऱ्या घेऊन ती उन्हात उभी होती, आणि मला तिची कीव आली. मला, तिची. इतक्या वर्षांत राग गेला नाही तो मुकादमाचा नाही, त्या किवेचा आहे.