शिवेबाहेर राहिलेली छत्री

आधीच सांगून टाकते — मी आयुष्यभर पुस्तकांना वर्गांक दिले आणि द्यायला शिकवले. भुताखेतांच्या पुस्तकांनाही दिले, नीट कपाटात लावली, आणि त्यातलं एकही घरी वाचायला नेलं नाही. असल्या गोष्टी सांगणाऱ्याला "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" एवढं विचारलं की तो लगेच चुलत-मावस नात्यांवर घसरतो, हा माझा अनुभव. आज सांगणारी मीच आहे आणि घडलंही माझ्याच बाबतीत... त्यामुळे कुणा मावसभावाकडे बोट दाखवायची सोय नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडची. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं. मी नागपूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्राच्या पदविका वर्गाला शिकवायची — तासिकेवर. तो सगळा विभागच तासिकेवर चालायचा. कुठले कुठले ग्रंथपाल आपली नोकरी संपवून संध्याकाळी घामेजलेले यायचे, शिकवायचे आणि सायकलवर टांग मारून निघून जायचे. शेवटी एकदाचं विद्यापीठाने पूर्णवेळ अधिव्याख्यात्याचं एक पद मंजूर केलं. एकच. जूनमधल्या एका बुधवारी मुलाखती ठरल्या.

हे पद मला हवं होतं म्हणजे किती हवं होतं, ते सांगते. वडील गेलेले. मामांनी वाशिमचं एक स्थळ आणून ठेवलेलं — बिजवर, दोन मुलांचा बाप, स्वभावाने म्हणे गरीब. जुलैपर्यंत कायमची नोकरी लागली तर माझं मी बघेन, नाहीतर मामा म्हणतील तसं, असं आईसमोर ठरलं होतं. एका मुलाखतीवर सगळा जन्म टांगलेला.

आणि अशात मी कुठे जावं, तर गडचिरोलीकडे, धानोऱ्याच्या पुढे जंगलात. माझा मोठा भाऊ, अण्णा, तिथे एका गोंड वस्तीच्या गावात नाकेदार होता, म्हणजे जंगलखात्याचा गार्ड. वहिनी नुकतीच बाळंत झालेली, मदतीला कुणी नाही. आई म्हणाली चार दिवस जाऊन ये. रविवारी अण्णा लाकडाच्या डेपोवर गेला, जाताना मला म्हणाला, "सुमे, तू उद्या सकाळीच निघ. पुढच्या आठवड्यात गाव बांधतेत इथी. मंग कोनी हलत नाई."

पावसाळ्याआधी तिकडे गावाची शीव बांधायची रीत होती. भूमक, म्हणजे गावाचा पुजारी, शिवेवर खुंट्या ठोकतो, वाटेवर झाडाला झाड गवताची दोरी ताणतो. रोगराई आत येऊ नये म्हणून. दोरी सुटेपर्यंत आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही, वस्तूसुद्धा नाही. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात ना, मग मला काय त्याचं!

सोमवारी उजाडता मी पिशवी नि वडिलांची छत्री घेऊन निघाले, तर गावाच्या टोकाला साजाच्या झाडाखाली दोरी ताणलेली. शेजारच्या गावात पोरांना देवी निघाल्या होत्या, म्हणून ठरल्याच्या आधीच, त्या पहाटे गाव बांधून झालं होतं. दसरू भूमक तिथेच उकिडवा बसला होता.

"कुठी चालल्या बाई?"

"नागपूरला. परवा मुलाखत आहे माझी. ही दोरी कधी सुटेल?"

"बुधवारी सकारी."

डांबरी सडकेवरून बस, मग वैनगंगेवर डोंगा, मग मूलहून छोट्या रुळांची आगगाडी... आज निघाले नाही तर सगळंच संपलं. मी त्याला समजावलं, विनवलं, मग चिडलेसुद्धा. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे म्हटलं.

"आमी अडवत नाई तुमाले," तो शांतपणे म्हणाला. "पन गाव बांधलं हाय."

अडवत नाही ना, मग झालं. मी दोरीखालून वाकून गेले.

गावापासून सडकेपर्यंत एकच गाडीवाट, सरळ दक्षिणेला. खात्याने साग लावताना आखलेली, वळण म्हणून नाही. ऊन माझ्या डाव्या गालावर होतं. मी झपाझप चालत होते, मनात प्रश्नोत्तरं घोळवत. वर्गीकरण म्हणजे काय, तालिका कशी करायची... बराच वेळ झाला. सडक यायला हवी होती. झाडी विरळ झाली, कोंबडं आरवलं, आणि समोर घरं आली. मला वाटलं सडकेवरचं गाव आलं.

ते अण्णाचंच गाव होतं. मी दक्षिणेच्या टोकाने निघाले होते आणि उत्तरेच्या टोकाला उभी होते. ऊन अजून डाव्याच गालावर! दोरीपलीकडे एक म्हातारी मोहाच्या बिया फोडत बसली होती. तिने मान वर करून पाहिलं, पुन्हा फोडायला लागली.

वाट चुकले, असं मी मनाला बजावलं. दोरीखालून आत शिरले आणि घरांमधून तरातरा चालत पुन्हा साजाच्या झाडाशी आले. दसरू तिथेच होता.

"मी बाहेरून आत आले, तर चाललं का तुम्हाला?" मी जरा कुत्सितपणेच विचारलं.

"तुमी गेल्या असत्या तं आत घेतलंच नसतं," तो म्हणाला. "तुमी गेल्याच नाई."

मी पुन्हा निघाले. आता मात्र माझ्यातली ग्रंथपाल जागी झाली होती. पळसाची पानं तोडून घेतली आणि दर थोड्या अंतरावर वाटेच्या मधोमध एक पान, त्यावर दगड, असं ठेवत गेले. पानं संपली तशी नुसतीच चालत राहिले. तहान लागली होती, लुगडं पाठीला चिकटलं होतं. आणि मग पुढे वाटेवर एक पळसाचं पान दिसलं. त्यावर दगड. पुढे दुसरं. मी कुठेही वळले नव्हते, देवाशपथ वळले नव्हते... आणि माझीच पानं मला एकेक करत गावाकडे नेत होती. शेवटचं पान साजाच्या झाडाखाली होतं. म्हणजे निघाले होते तिथेच, त्याच टोकाला.

मी तिथे रडले. मोठ्याने, लाज सोडून. दोरीखालून आत आले ती जवळजवळ कोसळतच. छत्री हातातून सुटून दोरीपलीकडे पडली. मी हात घालायला गेले तर दसरूने मनगट धरलं. तेवढ्यापुरताच त्याने मला हात लावला.

"राहू द्या भाईर. जे गेलं ते जाऊ द्या, बाई. घरी चला."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत छत्री तिथे धुळीत पडलेली मला दिसत होती. वडिलांची होती, वेताच्या मुठीची. मंगळवारी सकाळी पाहिलं तर नव्हती. गावातून कुणी बाहेर गेलं नव्हतं. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "वन्सं, एखाद्या जनावरानं ओढली असन." जनावर छत्री कशाला नेईल, हे विचारायचंही मला त्राण नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. वाशिमचं घर, ती दोन पोरं, कधी न पाहिलेला तो गरीब स्वभावाचा माणूस, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. कुठूनही सुटका नव्हती.

बुधवारी दसरूने दोरी सोडली. त्या वाटेने मी सरळ सडकेवर पोचले, काहीही झालं नाही. नागपूरला मुलाखती चालल्या असतील तेव्हा मी वैनगंगेच्या डोंग्यात बसले होते.

गुरुवारी विद्यापीठात गेले ती हातापाया पडायलाच. फिरून एकदा मुलाखत घ्या म्हणणार होते. व्हरांड्यात आमचा शिपाई नामदेव भेटला. मला पाहून हसला आणि कोपऱ्यातून छत्री काढून माझ्या हातात दिली. वेताची मूठ. टोकाला लाल माती वाळलेली.

"बाई, काल मुलाखतीच्या खोलीत इसरून गेल्या तुमी. मी ठेवली जपून."

मी काही बोलण्याआधीच विभागप्रमुख बाहेर आले. मला चांगले ओळखणारे, रोज पाहणारे. म्हणाले, "अभिनंदन! एकमताने झालं. ऑर्डर निघेल आठवड्यात. काय उत्तर दिलंत हो शेवटी... अध्यक्ष अजून हसताहेत."

मी कसंबसं विचारलं, "कोणतं?"

"अहो, त्यांनी विचारलं ना, पूर्णवेळ म्हणजे पूर्णवेळ, लग्नबिग्न करून मध्येच जाणार नाही ना? तर तुम्ही म्हणालात — मला जाता येत नाही सर, दोनदा चालून पाहिलं."

तेही हसत होते. मी छत्री घट्ट धरून उभी राहिले आणि... मीही हसले. त्या क्षणी खरं बोलले असते तर वाशिम होतं.

नोकरी केली, निवृत्तीपर्यंत, त्याच विभागात. मन लावून केली, मुलं अजून नाव काढतात. मध्ये पुण्याला जायची संधी आली, एकदा दिल्लीची आली. एकदा ऐन वेळी ते पदच रद्द झालं, एकदा मी स्टेशनवर जाताना टांग्यातच तापाने फणफणले. योगायोग असतील. अण्णाची लवकरच बदली झाली आणि त्या गावाला मी पुन्हा गेले नाही. दसरूला विचारायला हवं होतं, पण भीती वाटली, हे कबूल करते.

त्या बुधवारी त्या खुर्चीवर कोण बसलं होतं, मला आजही माहीत नाही. स्पष्टीकरण शोधलं, सापडलं नाही. एवढंच कळतं की ते पद मला मिळालं नाही. ते शिवेबाहेर राहिलेल्या कुणाला तरी मिळालं, मी फक्त ती नोकरी केली.

निरोप समारंभ झाला त्या दुपारी मी हार-नारळ घेऊन विभागाच्या पायऱ्या उतरले. हातात तीच छत्री. फाटकाबाहेर सरळ रस्ता होता. लोक निरोपाला उभे होते, त्यांना वाटलं बाईंना मागे वळून पाहवत नाही, म्हणून खाली मान घालून चालल्यात. मागे पाहायची मला भीती नव्हती. पुढे पाहायची होती... समोर पुन्हा तेच फाटक दिसलं तर?