चरणमच्या राहिलेल्या ओळी

मामींकडे मी अकरा वर्षं कर्नाटक संगीत शिकले. कोथरूडमधल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. त्या तमिळ. त्यांच्याकडे वयानं मोठ्या बाईला मामी म्हणतात, म्हणून आम्ही शिष्यही तेच म्हणायचो. पुण्यात चाळीस वर्षं काढल्यामुळे त्यांचं मराठी टोमण्यांसकट इथलं झालं होतं. चौतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसून गायले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आवाज बरा आहे. कान कुठे ठेवून आलात?"

वर्षभरात अहोजाहो गेलं, टोमणे राहिले.

गेल्या वर्षी त्यांनी मला भैरवीतली एक मोठी रचना शिकवायला घेतली. देवीची प्रार्थना, तेलुगूत, अगदी संथ लयीत. आधी पल्लवी, म्हणजे धृपद, मग अनुपल्लवी, शेवटी चरणम, म्हणजे कडवं. एकेक ओळ आठ-दहा तऱ्हांनी फुलवत न्यायची आणि प्रत्येक तऱ्हा आधीच्या तऱ्हेतूनच निघाली पाहिजे. पल्लवीला दोन महिने लागले, अनुपल्लवीला तीन. शब्द पुस्तकात मिळतात, मोठ्या गायकांची रेकॉर्डिंगही इंटरनेटवर आहेत. पण मामींची चाल त्यांच्या गुरूंकडून आलेली, निराळी. ती कुठेच लिहिलेली नव्हती आणि रेकॉर्ड करायला सक्त मनाई होती. "फोनला शिकवायचं असतं तर फोनलाच बोलावलं असतं," असं त्या म्हणायच्या.

तेव्हा माझं आयुष्य म्हणजे ऑफिस, आईची औषधं आणि शनिवार-रविवारी सकाळी मामींकडचं गाणं. मी गाते हे ऑफिसात कुणाला माहीतही नव्हतं. ही रचना पुरी आली की आपण कुणीतरी होऊ, असं मला मनातून वाटायचं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

चरणमच्या पाच ओळी. दोन झाल्या होत्या, तेव्हा एका मंगळवारी शेजारणीचा फोन आला. मामी स्वयंपाकघरात पडल्या होत्या.

हॉस्पिटलात पोचले तर त्यांचा उजवा हात पांघरुणावर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडलेला. मला त्यांनी ओळखलं. बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "पाणी." मी पेला पुढे केला. त्यांनी तो ढकलला आणि चिडून पुन्हा म्हणाल्या, "पाणी." त्यांना वेगळंच काहीतरी सांगायचं होतं. मेंदूत गुठळी झाली होती, शब्द गेले होते. "पाणी" आणि "नाही" एवढेच दोन उरले होते.

आणि त्या खाटेपाशी उभी असताना माझ्या मनात पहिला विचार काय आला? तीन ओळी राहिल्या.

दोन आठवड्यांनी त्या घरी आल्या. चेन्नईहून त्यांचा मुलगा आला होता. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं, बोलणं गेलं तरी पाठ असलेलं गाणं कधीकधी राहतं, गाऊन पाहा. त्यानं मला विनंती केली, "तुम्ही रोज याल का? मला गाता येत नाही हो."

स्वारगेटजवळच्या ऑफिसातून सुटले की मी स्कूटर काढून थेट तिकडे जायची. पहिल्या संध्याकाळी लहान मुलांना शिकवतात ते गीत मी सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मामींचा आवाज आला. बारीक, घोगरा, पण सुरात. आणि शब्दांसकट! ज्या बाईला स्वतःच्या मुलाचं नाव घेता येत नव्हतं, तिनं ते अख्खं गीत म्हटलं. मुलगा गॅलरीत जाऊन रडला. मलाही आनंद झाला, नाही असं नाही. पण जिना उतरता उतरता मी विचार करत होते, म्हणजे चरणम अजून आत आहे.

चार दिवसांनी मुलगा म्हणाला, "पंधरा दिवसांत आईला चेन्नईला नेतोय. इथे एकटी कशी ठेवू?"

त्याचं बरोबरच होतं. मी मात्र घाबरून गेले. दुसऱ्या दिवशी सोपी गीतं बाजूला ठेवून मी थेट भैरवी लावली. मामी माझ्याबरोबर चरणमच्या दुसऱ्या ओळीपर्यंत आल्या आणि तिथून घसरून पुन्हा पल्लवीवर गेल्या. मी परत सुरू केलं. परत तेच. ओढणीखाली फोनचं रेकॉर्डिंग चालू होतं.

"मामी, पुढे. पुढची ओळ."

पाच वेळा. सहा वेळा. डाव्या हातानं त्या मांडीवर ताल देत होत्या, तो चुकायला लागला. कपाळावर घाम आला. मला दिसत होतं आणि तरीही मी म्हणाले, "एकदाच, मामी. फक्त एकदा म्हणा." त्यांनी तोंड उघडलं, सगळा जोर लावला आणि आवाज निघाला, "पाणी." मग त्या रडायला लागल्या. अकरा वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्यांना सांभाळणाऱ्या मावशी आतून आल्या. "अवो ताई, आजारी माणूस हाय ते. किती दमवाल?"

मी खाली पार्किंगमध्ये येऊन स्कूटरवर नुसती बसून राहिले. रेकॉर्डिंग पुसून टाकलं. किल्ली फिरवायचंही सुचेना.

दोन दिवस मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, पाया पडले, "चुकलं माझं" म्हणाले. मामी भिंतीकडे बघत राहिल्या. मग काय करावं ते न कळून मी तिसरी ओळ गायले, इंटरनेटवर ऐकलेल्या चालीत. मामींनी झटकन मान वळवली.

"नाही."

इतका स्वच्छ शब्द! मी चालीतली एक जागा बदलली. "नाही." दुसरी बदलली. "नाही." त्यांच्या कपाळावर जुनी, ओळखीची वैतागलेली आठी आली. उरलेल्या नऊ दिवसांत आम्ही दोघींनी एवढंच केलं. मी अंदाजानं गायची, त्या नाही म्हणायच्या. आठव्या दिवशी ती ओळ गाऊन मी थांबले आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. डोळे मिटून डाव्या हातानं ताल देत राहिल्या. मी तीच ओळ पुन्हा गायले, आणखी एकदा गायले, आणि त्यांचा हात चालूच राहिला.

मग एका रविवारी गाडी आली आणि मुलगा त्यांना घेऊन गेला.

सुरुवातीला आम्ही व्हिडिओ कॉलवर प्रयत्न केला. आवाज मागेपुढे यायचा, चौथ्या ओळीवर त्या कंटाळून मान फिरवायच्या. तीन महिन्यांनी दुसरा झटका आला. त्यात गाणंही गेलं आणि "नाही"सुद्धा. त्या आहेत. मुलगा कधीकधी फोटो पाठवतो.

नवरात्रात एका गुरुभगिनीकडे बाहुल्यांची आरास असते, तिथे आम्ही सगळे गातो. या वेळी मी ती रचना गायले. तिसऱ्या ओळीपर्यंत गेले आणि पल्लवीवर परत आले. उरलेल्या दोन ओळी इंटरनेटवरच्या रेकॉर्डिंगवरून उचलून गाता आल्या असत्या. घशाशी आल्यासुद्धा, पण म्हणवल्या नाहीत.

नंतर कॉफी घेताना एक आजोबा जवळ आले. जाणकार असावेत.

"चरणम अर्धवटच येत होतं," ते म्हणाले, "तर घेतलंत कशाला?"

"चुकलं," मी म्हणाले. कप बेसिनमध्ये ठेवला, चपला शोधल्या आणि घरी आले. आईच्या गोळ्यांची वेळ झाली होती.